पॅरिसचा निकाल आणि पाचव्या चौकीची लिंबे

पॅरिस शहरी मातीवरच्या टेनिसचा जो मोठा सामना होतो, त्यात १९३६ साली क्रॅम नावाच्या एका जर्मन गृहस्थाने पेरी नावाच्या एका इंग्रज गृहस्थाला हरवले, आणि त्यामुळे इंदापुरात माझे लग्न मोडायची वेळ आली. या दोन्ही गृहस्थांशी माझा परिचय नाही. त्यांनी हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पण आमच्याकडे तसे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही अजून पेरीवर नजर ठेवून आहेत.

मी त्या वेळी बारामतीला कालव्याच्या ऑफिसात हंगामी कारकून होतो. हंगामी म्हणजे कायम कारकून ज्या खुर्चीवर बसतो तिच्या शेजारच्या स्टुलावर बसणारा. स्टुलावरून खुर्चीवर जायला एक सही पुरेशी होती, आणि ती सही आमच्या कुंभोजकर साहेबांच्या फाउंटनपेनात अडकलेली होती. त्या सहीवर माझे लग्न लटकले होते. इंदापूरचे निवृत्त शिरस्तेदार रामहरीपंत यांच्या मथूशी माझे ठरल्यासारखे होते. पण रामहरीपंतांनी सरकारी नोकरीत तीस वर्षे काढली असल्यामुळे ते 'ठरले' असा शब्द कधी उच्चारत नसत. ते म्हणत, "कायम झालात की कळवा." तेव्हा आधी सही, मग खुर्ची, मग मथू, असा क्रम होता. या क्रमात टेनिस कुठेच बसत नव्हते.

टेनिस साहेबांच्या डोक्यात होते. बारामतीच्या बंगल्यामागे मुरमावर चाळलेली माती दाबून त्यांनी एक कोर्ट करून घेतले होते. अशा कोर्टाला रोज पाणी शिंपावे लागते, नाहीतर माती उडते. चाळीस बादल्या लागत. जून महिन्यात जेव्हा पाण्याच्या एकेका इंचावरून बागायतदारांची डोकी फुटत, तेव्हाही चाळीसच लागत. हे मी आपले जाता जाता सांगतो. साहेबांबद्दल मला काही म्हणायचे नाही. साहेबांशी खेळायला बारामतीत दुसरे कोणी नसल्यामुळे जाळीपलीकडे मी उभा राहत असे. चेंडू गेला की तो शोधून आणणे एवढे माझे काम. त्याला साहेब 'गेम' म्हणत.

मेच्या अखेरीला साहेब फिरतीवर इंदापूरला निघाले. टांग्यात बसताना म्हणाले, "त्र्यंबकराव, पॅरिसचा निकाल पेपरात येईल. आला की मला तिकडे कळवायचा. नुसतं कोण जिंकलं ते नको. सगळे सेट हवेत." मग बॅगेवर थोपटून म्हणाले, "तुमचा कागद मी बरोबर घेतलाय हं."

हा 'हं' मी आठ दिवस घरी नेला आणि परत ऑफिसात आणला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी दौंडच्या छोट्या गाडीने पेपर आला. निकाल असा होता: सहा-शून्य, दोन-सहा, सहा-दोन, दोन-सहा, सहा-शून्य. क्रॅम विजयी. मी तो नीट उतरवून घेतला, आणि मग लक्षात आले की तो इंदापूरला पोचवायचा कसा याचा मी विचारच केलेला नाही. पोस्ट म्हटले तर पत्र आधी दौंडला जाणार, मग पुण्याला जाऊन शिक्के खाणार आणि मग इंदापूरकडे वळणार. तार म्हटली तर सरकारी तारेत 'क्रॅम' कोणत्या सदराखाली घालायचा? सर्व्हिस मोटार भरल्याशिवाय हलत नाही, आणि त्या दिवशी तिच्यात एक न्हावी आणि दोन बकऱ्या एवढेच उतारू होते.

मी ओट्यावर चिंता करीत बसलो असता माझ्या घरमालकीण भागूबाई आल्या. बाई विधवा, कालव्याच्या पहिल्या चौकीखाली डाव्या अंगाला त्यांची वांगी. जगातल्या कोणत्याही प्रश्नावर त्यांच्याजवळ तोडगा असे आणि तो विचारण्याची वाट त्या पाहत नसत.

"काय झालं वो भाऊसाहेब? तोंड का असं वाळत घातल्यावानी?"

"साहेबांना इंदापूरला चार आकडे कळवायचेत. पोचवू कसे?"

"हात्तिच्या! पाटकऱ्याच्या चिठ्ठीनं धाडा की. ह्या चौकीचा त्या चौकीला देतो, त्यो म्होरल्याला देतो. उद्या दुपारपत्तूर सायबाच्या हातात."

हे मला सुचायला हवे होते. कालव्याच्या ज्या फाट्यावर आमचे राज्य, त्यावर बारामतीपासून इंदापूरपर्यंत पाच चौक्या, शेवटच्या दोन इंदापूर तालुक्यात. प्रत्येक चौकीवर एक पाटकरी आणि पाण्याची दोन दारे, एक डाव्या अंगाच्या रानांना, एक उजव्या. पाटकरी एकमेकांकडे चिठ्ठी चालत पोचवतात. मी चिठ्ठी लिहून पहिल्या चौकीच्या चाँदभाईंकडे नेली. चाँदभाई वीस वर्षांचे जुने पाटकरी. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"ह्ये न्हाय चालायचं, भाऊसाहेब."

"का?"

"पांढरा कागद हाय. तिसऱ्या चौकीवरचा गेणू पांढऱ्या कागदात तंबाखू बांधतो. पिवळी चिठ्ठी आणा. पिवळ्या चिठ्ठीला त्यो बी हात लावत न्हाय, सरकारी हाय म्हनून."

मी ऑफिसात जाऊन पिवळी चिठ्ठी काढली. मी पत्रव्यवहाराच्या टेबलावर होतो. माझ्याकडे पाण्याविषयीचे कागद येत, पाणी कधी आले नव्हते, त्यामुळे हा नमुना मी प्रथमच पाहत होतो. पाहून मला भरून आले. त्यात बरोबर पाच ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत दोन घरे: एक डावे, एक उजवे. पाच सेट, दोन खेळाडू! सरकारी नमुन्याची आणि जगातल्या एखाद्या गोष्टीची इतकी पत्रिका जुळलेली मी तरी पाहिली नव्हती. मी डावीकडे क्रॅम घातला, उजवीकडे पेरी घातला, आणि शेऱ्याच्या घरात लिहिले, 'क्रॅम विजयी.' खाली 'साहेबांच्या हुकुमावरून' म्हणून सही ठोकली. हुकूम तर होताच.

चाँदभाईंनी आकडे बोटाने मोजले. मग माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा आकड्यांकडे.

"उजव्याला शून्य?"

"हो."

"आकडे बराबर हायत न्हवं? मागनं माझ्या नावावर नगं."

"अहो चाँदभाई, पेपरात छापून आलेत."

चाँदभाईंनी एकदम चिठ्ठी कपाळाला लावली. कालव्याचे हुकूम आता इंग्रजी पेपरात छापून येतात हे त्यांना नवीन होते. ते उठले, आणि माझ्या देखत त्यांनी डावे दार सहा इंच वर घेतले आणि उजवे खाली बसवून बंद केले. मला वाटले, त्यांचे काहीतरी रोजचे काम असेल. मी घरी जाऊन झोप काढली. पुढे चौकशीत 'आपण त्या वेळी काय करीत होतात' या प्रश्नाला मी हेच उत्तर दिले, आणि ते खरे आहे म्हणून कोणाला पटले नाही.

तिसऱ्या दिवशी भागूबाईंनी मला भरल्या वांग्यांचे ताट आणून दिले. दोन वर्षांत या बाईंनी मला मीठसुद्धा उसने दिले नव्हते. मी ताटाकडे संशयाने पाहिले. त्या माझ्याकडे त्याहून संशयाने पाहत होत्या.

"खावा. पर एक सांगा, तुमच्या मनात काय हाय?"

"माझ्या? काही नाही."

"न्हाय कसं? भर जूनात माझ्या वांग्यांस्नी सहा इंच पानी? धा वर्सांत मिळालं न्हाय. खोलीचं पत्रं बदलून मागायचं आसंल तर आत्ताच सांगा. मी वांगी देईन, पत्रं न्हाय बदलायची."

माझा घास हातातच राहिला. तेवढ्यात दारात सावळारामआबा उभे राहिले. आबांचा ऊस त्याच पहिल्या चौकीखाली, पण उजव्या अंगाला. मागे सात-आठ माणसे होती आणि ती सगळी उजव्या अंगाची होती हे त्यांच्या कोरड्या चेहऱ्यांवरून कळत होते. आबांनी आधी माझ्या ताटाकडे पाहिले, मग भागूबाईंकडे, मग मागच्या माणसांकडे.

"बघा," ते म्हणाले. "वांगी."

मागची माणसे हळहळली.

"भाऊसाहेब, आमी सरकारचं काय वाकडं केलंया? डाव्याला सहा आन् आमाला शून्य?"

"आबा, ते पाणी नव्हतं. तो टेनिसचा निकाल होता."

"कशाचा?"

मी ताट बाजूला ठेवून टेनिस समजावून सांगू लागलो. माझ्या आयुष्यातली ही मोठी चूक.

"हे बघा. मध्ये जाळी असते. अलीकडे एक माणूस, पलीकडे एक. चेंडू मारायचा. जो आधी तीन डाव जिंकेल त्यानं सामना जिंकला. म्हणून कधी तिनात संपतं, कधी पाच डाव लागतात."

"आन् पानी?"

"त्यात पाणी नाही."

"तेच म्हंतोय मी. पानी न्हाय."

"अहो, पहिला डाव क्रॅमनं सहा-शून्य जिंकला."

"ह्यो क्रॅम डाव्या अंगाचा?"

"मी त्याला डावीकडं लिहिला. तो जर्मनीचा."

"मंग हितली जमीन कवा घेतली त्यानं?"

"त्याची इथं जमीन नाही!"

"जमीन न्हाय, तर सहा इंच पानी कशाला लागतंय?"

मागून कोणीतरी विचारले, "आकडे कोन मोजतंय?" मी म्हणालो, पंच असतो, उंच खुर्चीवर बसतो. "त्यो कुनाकडला?" कोणाकडचाच नाही, म्हणालो. सगळे एकमेकांकडे पाहून खिन्न हसले. कोणाकडचाच नसलेला पंच बारामती तालुक्यात तोवर कोणी पाहिलेला नव्हता.

"आन् खेळतेत कुठं?"

"मातीवर."

"मातीवर? मंग तिला पानी लागतच आसंल."

"लागतं तर! रोज संध्याकाळी चाळीस बाद..." असे म्हणून मी जीभ चावली. आबांनी ते पाहिले. या माणसाला पुढचे काही दिवस झोप येणार नाही असे मला वाटले, आणि ती माझ्यामुळे येणार नाही हेही कळले.

दुसऱ्या दिवशी मंडळी तलाठ्याकडे गेली आणि क्रॅमच्या नावाचा उतारा मागितला. क्रॅमच्या नावावर एक गुंठाही निघाला नाही. याने माझी सुटका होईल असे मला वाटले. उलट झाले. "नावावर काई ठेवलेलंच न्हाय!" आबा चावडीवर म्हणाले. "लई पोचलेला हाय."

त्याच संध्याकाळी पिवळ्या चिठ्ठीवर उलट टपाली साहेबांचा हुकूम आला. पाचही ओळी कोऱ्या आणि शेऱ्यात दोन शब्द: 'ताबडतोब या.'

मी सर्व्हिस मोटारीत बसलो. माझ्या एका बाजूला सावळारामआबा बसले, मी वाटेत पळून जाऊ नये म्हणून. दुसऱ्या बाजूला चाँदभाई बसले, आबांनी मला एकटे गाठू नये म्हणून, शिवाय त्यांना आपल्या नावावर काय येते ते ऐकायचे होते. भागूबाई मागे बसल्या, त्यांच्या मांडीवर साहेबांसाठी वांगी. वाटेत प्रत्येक चौकीपाशी माणसे उभी होती. पहिल्यानंतरच्या चौकीवर उजवे खूश आणि डावे लाल, तिच्यापुढे उलट, त्याच्यापुढे पुन्हा उलट. असा एकाआड एक सत्कार आणि शिव्या घेत मी इंदापूरला उतरलो. पेरीलासुद्धा पॅरिसमध्ये इतके चढउतार सोसावे लागले नसतील. त्याला निदान मध्ये सरबत मिळत असेल.

मला ते रामहरीपंतांकडे मिळाले. पाचव्या चौकीखाली, उजव्या अंगाला, त्यांची ऐंशी लिंबांची बाग. पाचवा सेट सहा-शून्य. साहेबांकडे जाण्याआधी पंतांनी मला घरी बोलावून पेला पुढे केला. त्यात साखरेचे पाणी होते. मी एक घोट घेऊन थांबलो.

"लिंबू नाही," पंत म्हणाले. "कुठून असणार?"

"मी आपल्याला सगळं सांगतो. तो टेनिसचा..."

"मला कळलंय टेनिस. इंग्रज हरला, असं आपण सरकारी नमुन्यावर, सरकारी शाईनं, पाच चौक्यांना कळवलंत. तीस वर्षांत माझ्या कचेरीत असा कागद झाला नाही. पण ते राहू द्या. तरुण आहात, हल्ली वारंच तसं आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "सायकल हवी होती, तर तोंडानं मागायची. पाणी कशाला तोडायचं?"

"सायकल? मी सायकल कधी मागितली?"

"तेच! मागत नाही आणि पाणी तोडता. मी माणसं ओळखतो, त्र्यंबकराव. पंचवीस जावई जोडून दिलेत या हातांनी. सायकलीवाचून कोणी असं करत नाही."

मी ताडकन उठलो. मानी माणूस ताडकन उठतो. पेला सांडला. त्यात लिंबू नसल्याने नुकसान फारसे झाले नाही. दाराआडून बांगड्या वाजल्या आणि मथूचा आवाज आला, "खरंच नको होती का सायकल?"

"नाही!"

"मग बाबांनी दिलीच, तर घंटा आहे का ते बघून घ्या. त्यांना घंटा फुकट वाटते."

सांगायला हरकत नाही, त्याआधी मला सायकल नको होती. त्या क्षणापासून हवीशी वाटू लागली.

इंदापूरच्या सरकारी बंगल्यावर साहेब व्हरांड्यात बसले होते. हातात माझी चिठ्ठी. डोळे ओले. "त्र्यंबकराव," ते म्हणाले, "पाचव्या सेटला शून्य? पेरीला?"

"हो साहेब. पेपरात तसंच आहे."

"चार सेट झुंजला आणि शेवटी शून्य!" त्यांनी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून सरळ केली. मग अंगणातला जमाव पाहिला, आणि आपण कालव्याचे साहेब आहोत हे त्यांना आठवले. "आणि तुम्ही हा काय गाढवपणा केलात?"

आबा पुढे झाले. "सायेब, भाऊसाहेब म्हंतेत ह्यो खेळ हाय. मातीवरचा. आमाला वाद न्हाय. खेळ आसंल तर त्याची जागा बी आसंल. रोज पानी मारलेली. आमाला ती दाखवा. बघतो आन् गप घरी जातो."

चाँदभाईंनी आकाशाकडे पाहिले. चाळीस बादल्या त्यांच्याच चौकीवरून भरल्या जात. मी साहेबांकडे पाहिले. माझा खरेपणा सिद्ध करायला त्यांचे एक वाक्य पुरे होते: 'चला, दाखवतो.' साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"टेनिस?" ते म्हणाले. "कसलं टेनिस? हा कारकून नवीन आहे, काहीही बोलतो. ही पाणी सोडण्याची एक पद्धत आहे. क्रॅम पद्धत. एकदा डावं, एकदा उजवं. प्रयोग चालू आहे."

अशा रीतीने त्या अंगणात खरे बोलणारा मी एकटा खोटा ठरलो. मी चिठ्ठीतल्या 'विजयी'कडे बोट दाखवणार होतो. पण साहेबांनी बॅगेवर थोपटले, आणि मी ते बोट कानात घातले.

"पद्धत आसंल," आबा म्हणाले, "पर डाव्याला बावीस इंच आन् उजव्याला चौदा. ही कंची पद्धत?" मग त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिले. "सरळ बोलतो. आमचा तुमच्यावर इस्वास न्हाय. भाऊसाहेबांवर न्हाय. चाँदभाई माझ्या लग्नात जेवलाय, तरी त्याच्यावर न्हाय. ह्या भागूबाईवर तर न्हायच."

"मी काय केलं रं?" भागूबाई कडाडल्या.

"वांगी! पर त्यो छापील आकडा हाय न्हवं? पेपरातला? त्यात हितल्या कुनाला बोट घालता येत न्हाय. आन् त्ये दोघं, क्रॅम आन् पेरी. आपल्या तालुक्यातले न्हाईत, कुनाच्या नात्यातले न्हाईत, कुनाच्या पंगतीला बसले न्हाईत. त्येच बरं. पान्याच्या म्होरल्या पाळीला बी त्यांचाच आकडा लावा. डाव्याचा क्रॅम, उजव्याचा पेरी. मंग कुनाला किती यील ते ज्याचं त्याचं नशीब."

मला वाटले, आता कोणीतरी हसेल. कोणी हसले नाही. डाव्या अंगाने क्रॅम मान्य केला, कारण तो जिंकलेला होता. माझ्यामागोमाग आलेल्या रामहरीपंतांनी उठून सांगितले की इंग्रज आपल्या बाजूला असणे हे आपल्या तीस वर्षांच्या सेवेला शोभेसे आहे. आणि साहेब तर मनातून फुललेच. पुढच्या महिन्यात विलायतेला विंबल्डनचा सामना होता, आणि त्याचा निकाल आता सरकारी रीतीने, पाच चौक्यांतून त्यांच्यापर्यंत चालत येणार होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पुढची पाळी तक्रारीशिवाय जाऊ द्या. सही करतो." दुसऱ्या कानाशी रामहरीपंत आले. "माझ्या लिंबांना पाणी मिळू द्या. मुहूर्त काढतो."

म्हणजे पेरी जिंकायला हवा होता.

तो जून मी पेरीच्या काळजीत काढला. त्याला बरे वाटते का, खातो काय, झोपतो कधी, हे कळायला मार्ग नव्हता. शेवटी मोरगावला जाऊन गणपतीपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "देवा, पेरीला जिंकव. सपाटून जिंकव. उजव्या अंगाला कमी पडू देऊ नकोस." शेजारी सावळारामआबा हात जोडून उभे होते. ते काय मागत होते ते मी विचारले नाही. पण पुजाऱ्याने त्यांना नाव विचारले तेव्हा त्यांनी दोनदा सांगितले, एकदा आपले आणि एकदा पेरीचे.

गणपतीने माझे ऐकले. जरा जास्तच ऐकले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाऊस अजून यायचा होता आणि पेपर आला. आबांनी त्यासाठी शाळामास्तरांना स्टेशनवर उभे केले होते. माझ्या हाती येण्याआधी मास्तरांनी निकाल मोठ्याने वाचला. त्याच दोघांत सामना. पेरी विजयी. सहा-एक, सहा-एक, सहा-शून्य. क्रॅमची मांडी आखडली, असेही खाली छापले होते.

"आखडली का कुनी आखडवली?" डाव्या अंगाचे कोणी म्हणाले, पण छापील होते, त्यामुळे मान्य करावे लागले. भागूबाई घरी निघून गेल्या, आणि त्या दिवसापासून माझी वांगी बंद झाली.

मी पिवळी चिठ्ठी पुढे ओढली. पहिली ओळ, डावे एक, उजवे सहा. दुसरी तशीच. तिसरी, डावे शून्य, उजवे सहा. चौथ्या ओळीवर टाक नेला आणि तो तिथेच राहिला. सामना तिनात संपला होता. चौथ्या ओळीला आकडा नव्हता. पाचव्या ओळीला आकडा नव्हता. पाचव्या चौकीखाली ऐंशी लिंबे होती आणि त्यांच्याआड मथू होती.

माझ्या पाठीमागे आबा आणि मास्तर पेपर धरून उभे होते. मी दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आणि सही केली.

तीन दिवसांनी सर्व्हिस मोटारीच्या टपावरून एक नवी कोरी सायकल उतरवली गेली, भर बाजारात, सर्वांच्या देखत. हँडलला पत्र बांधलेले. 'चि. त्र्यंबकराव यांस आशीर्वाद. चौथी आणि पाचवी ओळ कोरी ठेवण्यातला आशय ध्यानात आला. सायकल पाठवीत आहे. घंटा आहे. आता पाणी सोडावे. रामहरी.'

मी सायकल धरून उभा राहिलो. परत पाठवावी, तर पंत दुखावणार आणि लग्न मोडणार. ठेवून घ्यावी, तर ही लाच, आणि खुर्ची जाणार. सभोवती बाजार गोळा झाला. सावळारामआबा गर्दीतून आले. त्यांनी पत्र मास्तरांकडून वाचून घेतले, सायकलीभोवती एक फेरी मारली, चाक दाबून पाहिले, घंटा वाजवली. मी मान खाली घातली.

आबांचा चेहरा हळूहळू सैल झाला. महिन्याभरात मी त्यांना असे पाहिले नव्हते.

"आसं हाय व्हय!" ते म्हणाले. "सायकल हुती व्हय ह्याच्या मागं! मंग आदीच सांगायचं, भाऊसाहेब. सायकल म्हंजी समजतंय. मानसाला सायकल लागती. त्ये जाळी, चेंडू, जर्मनी... एक म्हैना डोक्याचा भुगा झाला माझ्या!"

"आबा, पण मी सायकल मागितली नव्हती..."

"न्हाय मागितली. बरं. आता म्हाताऱ्याला पानी द्या."

"कसं देणार? आकडा कुठं आहे? छापील आहे."

"छापलंय त्याला कोन हात लावतंय? कोऱ्याला लावायचा. घेतलं आन् काम न्हाय केलं, आसं आमच्यात चालत न्हाय. अब्रू हाय का न्हाय?" त्यांनी मला ऑफिसात नेऊन स्टुलावर बसवले. "पाचवी, उजव्याला सहा, लिवा. आन् चौथी बी कोरीच हाय न्हवं? चौथ्या चौकीला माझी लेक दिलीया. उजव्याला सहा."

"आन् तिथंच डाव्याला माझा भाऊ हाय!" खिडकीतून भागूबाई म्हणाल्या.

"दोन लिवा डाव्याला," आबा उदारपणे म्हणाले. "शेवटी खेळ हाय."

मी पुरवणी चिठ्ठी लिहिली. चाँदभाईंनी ती कपाळाला लावली नाही, पण नेली. त्या पाळीबद्दल फाट्यावरून एकही तक्रार आली नाही. मी रस्त्याने सायकलीवरून जाताना दोन्ही अंगांची माणसे रामराम घालू लागली. हा गडी घेतो, पण करतो, असा माझा लौकिक झाला.

पुढच्या आठवड्यात इंदापूरहून साहेबांचा लखोटा आला. आत दोन कागद होते. एक मला कायम केल्याचा, सहीसकट. दुसऱ्यावर पेन्सिलीने लिहिले होते, 'पेपरात तीनच सेट आहेत, आणि पेरी जिंकला तिथेच सामना संपला. आपल्या पुरवणीत चौथा व पाचवा आला आहे. हे दोन सेट कुठे खेळले गेले, याचा खुलासा करावा.'

मी सहीचा कागद खिशात घातला, खुर्चीवर बसलो, आणि कायम कारकुनाला शोभेल अशा अक्षरात उत्तर लिहिले: 'इंदापूर तालुक्यात.'